मेजावर उघडून पाहिले

मित्रांनो, माणसाला सर्व काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. आयुष्य थोडे आणि जग फार मोठे. म्हणून तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो, आणि त्यात काही गैर नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ज्ञानाची साधने सांगताना प्रत्यक्षाच्या पंक्तीला शब्दालाही आसन दिले. मात्र एक अट घातली. तो शब्द आप्ताचा असावा. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे आणि जशी आहे तशी सांगण्यावाचून ज्याचा दुसरा हेतू नाही, असा मनुष्य. ज्याने पाहिले नाही त्याने 'पाहिले' असे म्हणणे हा दोष दिसायला फार लहान असतो. त्या क्षणी कोणाचे काही हिरावले जात नाही, कोणाला दुखत नाही. दुखते ते पुढे कधीतरी, दूर कोठेतरी, त्या शब्दावर भार टाकून उभ्या राहिलेल्या माणसाला.

हे मी ग्रंथांतून शिकलेले नाही. माझ्या पाठीवर जे घडले, त्यातून शिकले.

मी एक जुने सागवानी मेज आहे. मंचरच्या पेठेत विजेच्या सामानाचे एक दुकान आहे; त्याच्या मागच्या खोलीत मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ उभे आहे. त्यापूर्वी मी मेज नव्हते. मी जुन्या आंबेगावातल्या एका किराणा दुकानाच्या दाराच्या फळ्या होते. त्या काळी दुकानाला पत्र्याचे शटर नसे. सकाळी एकेक फळी खाचेतून काढून भिंतीशी लावून ठेवायची आणि सायंकाळी त्याच क्रमाने परत बसवायची. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला असे. तुम्ही माझ्याखाली वाकून पाहिलेत, तर माझ्या पोटावर एकपासून सातपर्यंतचे आकडे अजून दिसतील.

डिंभ्याच्या धरणाचे पाणी चढू लागण्याआधी ते गाव उठले. दुकान उठले. दुकानाच्या मालकीण जतनबाई यांनी पत्रे विकले, दगड सोडून दिले; फळ्या मात्र बैलगाडीत घालून मंचरला आणल्या. त्यांचे पूर्वज मारवाडातून आलेले, पण जतनबाईंचा जन्म, बोलणे आणि भांडणे सारे मराठीत. त्यांचे चिरंजीव माणिकचंद यांनी मंचरला मोटारींची तांब्याची तार, कपॅसिटर, स्टार्टर असे सामान विकायला सुरुवात केली होती. एके दिवशी ते आईला म्हणाले, "बाई, मी एक मासिक काढतोय. यंत्रांचं. बसून लिहायला मेज पाहिजे."

"वाण्याच्या पोरानं मासिक?" जतनबाई हसल्या. "गिऱ्हाईक काय तुझे लेख वाचून तार घेणार आहे?"

"तार घेऊ नये कधी, तेच लिहिणार आहे."

जतनबाईंनी फळ्यांकडे बोट दाखवले. "मग ह्या घे. चाळीस वर्षं ह्यांच्याआड खोटं माप झालं नाही. ह्यांच्यावर खोटं लिहू नको, एवढंच."

सुताराने फळ्या जोडल्या, रंधा मारला, चार पाय लावले, एक खण बसवला. अशा रीतीने मी मेज झाले आणि 'कळसूत्र' या मासिकाचा जन्म माझ्या पाठीवर झाला.

मित्रांनो, तुम्हाला आज त्या मासिकाचे महत्त्व कदाचित उमगणार नाही. घोड आणि मीना या नद्यांच्या काठाने तेव्हा नुकती गावोगावी वीज पोहोचली होती. विहिरीवर मोटार बसवली जात होती, घरात दूरदर्शन संच येत होता, पुढे ठिबकच्या नळ्या आल्या, टेलिफोन आले, संगणक आले. प्रत्येक वस्तूबरोबर तिचा एक विक्रेता येई आणि प्रत्येक विक्रेत्याबरोबर एक गोड गोष्ट येई. ती गोष्ट खरी की खोटी, हे सांगणारे कोणी नव्हते. 'कळसूत्र'ने ते काम स्वीकारले.

ते कसे, हे सांगितल्यावाचून माझी कथा पुढे जाणार नाही. अवसरी बुद्रुकचे रखमाजी हे मोटारी भरणारे मेस्त्री होते. शेतीवाडी होती, पण जीव सगळा यंत्रात. दर गुरुवारी ते सायकलवरून येत. ज्या वस्तूविषयी लिहायचे, ती वस्तू माझ्या पाठीवर ठेवली जाई. रखमाजी तिचे स्क्रू काढत, झाकण उचलत, आतले एकेक अंग बाहेर काढून माझ्यावर मांडत. माणिकचंद समोर बसून लिहीत. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ छापली जाई : 'मेजावर उघडून पाहिले.'

आणि जे उघडून पाहता आले नाही, त्याच्या मथळ्याच्या वर ठळक अक्षरांत दुसरा शब्द असे : 'ऐकीव.'

एवढाच त्यांचा नियम. पण तो त्यांनी कुळाचारासारखा पाळला.

एकदा पुण्याहून एक विक्रेता आला. विजेचे बिल निम्मे करणारी एक पेटी त्याने माझ्यावर ठेवली. रखमाजींनी पेचकस काढला, तसा तो घाईने म्हणाला, "ओ काका, सील तोडू नका. गॅरंटी जाईल."

"गॅरंटी हाय म्हणूनच तोडतो, राव," रखमाजी म्हणाले. "गॅरंटी नसती तर विश्वास ठिवला असता."

झाकण निघाले. आत एक हिरवा दिवा होता, आणि बाकीच्या जागेत वाळू.

"वजनासाठी घातली असेल," विक्रेता पुटपुटला.

"लई चांगली वाळू हाय," रखमाजी चिमटीत घेऊन म्हणाले. "घोडनदीची दिसती. शेठ, लिवा, घराच्या कामाला चालंल."

तो अंक पारगावच्या साखर कारखान्याच्या फाटकावर मोठ्याने वाचला गेला, असे नंतर कळले. लोक हसत हसत शहाणे झाले.

परंतु मला त्या अंकापेक्षा दुसराच अंक अधिक आठवतो. एकदा चूक झाली. एका कपॅसिटरचा आकडा छापताना बदलला गेला. अंक टपालात पडल्यावर रखमाजींच्या ते ध्यानात आले. माणिकचंदांनी दोन्ही हात माझ्यावर टेकले. पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर, लेखाच्या मथळ्याला जेवढा टाइप होता तेवढ्याच टाइपात त्यांनी छापले : 'आमची चूक.' पण पुढचा अंक महिन्याने निघायचा. म्हणून त्यांनी माझ्या खणातून वर्गणीदारांच्या पत्त्यांची वही काढली आणि ज्याच्या ज्याच्याकडे तसली मोटार होती, त्या प्रत्येकाला पोस्टकार्ड लिहिले. घाटघरला सरूबाईंची पिठाची गिरणी होती. तिथे टपाल पोहोचायला आठ दिवस लागत. माणिकचंद जुन्नरहून एसटीने स्वतः घाटघरला गेले. धुक्यात भिजून परतले आणि रखमाजींना म्हणाले, "बाईंनी कपॅसिटर आणलाच होता, बसवायचा राहिला होता. मला चहा दिला आणि म्हणाल्या, एवढ्यासाठी आलात होय!"

"एवढ्यासाठीच जायचं असतं," रखमाजी म्हणाले.

ती माझी भरभराटीची वर्षे. माझ्यावर तारा जोडायच्या तापलेल्या डाखणीचे काळे डाग पडले, शाई सांडली, मुद्रितांचे भिजलेले कागद वाळले. लोक अंक जपून ठेवत. कोणी मोटार घ्यायला निघाला, की शेजारी विचारी, "मेजावर उघडली का ती?" मी कधी खोलीबाहेर गेले नाही, पण दोन तालुक्यांत माझी ओळख होती. निर्जीव वस्तूला याहून मोठा सन्मान कोणता?

मग काळ पालटला. कोणी दुष्ट माणूस आला म्हणून नव्हे. तो पालटतच असतो. लोकांच्या हातात मोबाइल आला. महिन्याने निघणाऱ्या अंकात ज्या वस्तूची माहिती येई, ती वस्तू तोवर जुनी झालेली असे. अंकांचे गठ्ठे एसटीतून जसेच्या तसे परत येऊ लागले. माणिकचंदांचा मुलगा संयम संगणकाचे शिक्षण घेऊन परतला होता. त्याने आणि त्याची पत्नी नीलम हिने 'कळसूत्र' वाचवण्यासाठी त्याला इंटरनेटवर नेले. मी त्यांना दोष देत नाही. ती दोघे त्या कामासाठी फार झिजली. छापील अंक बंद झाला त्या दिवशी संयम माझ्यापाशी बसून लहान मुलासारखा रडला होता, हे मला ठाऊक आहे.

संकेतस्थळ तयार झाले, तेव्हा माणिकचंद थकले होते. संयमने त्यांना पडद्यावर ते दाखवले. ज्या मुलाने त्याची मांडणी केली होती, त्याने जुन्या अंकांतली ती बारीक ओळ पाहिली आणि त्याला ती फार आवडली. त्याने ती प्रत्येक पानाच्या तळाशी कायमची बसवून टाकली, एखाद्या नक्षीसारखी. कोणतेही पान उघडा, खाली असायचेच : 'मेजावर उघडून पाहिले.'

माणिकचंदांनी पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवले. त्यांचे डोळे भरून आले. "राहिली," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी कोणीतरी विचारायला हवे होते की प्रत्येक पानावर ही ओळ कशी काय? प्रत्येक वस्तू कोण उघडणार आहे? संयमने विचारले नाही. नीलमने विचारले नाही. ज्या माणसाने तो नियम घातला, त्यानेही आनंदाच्या भरात विचारले नाही. आणि मला वाचा नव्हती. थोड्याच महिन्यांत माणिकचंद गेले.

पुढे कामाचा वेग असा वाढला, की वस्तू येण्यापूर्वीच तिच्याविषयीचे लिखाण येऊ लागले. कंपनीकडून मजकूर यायचा, चित्र यायचे. अर्ध्या तासात ते संकेतस्थळावर चढायचे.

"अगं, जुन्नरच्या त्या चॅनेलवाल्यानं सकाळीच टाकलं," संयम म्हणायचा. "आपण दुपारी टाकलं तर कोण बघणार?"

"वस्तू तरी मागवू या एकदा," नीलम म्हणायची.

"मागवू. आधी टाकून तर देऊ."

'ऐकीव' हा शब्द तर कधीच गळून पडला होता. ऐकीव बातमी वाचायला कोण थांबणार? रखमाजींना गुरुवारी बोलावणे हळूहळू थांबले. कोणी त्यांना येऊ नका असे म्हटले नाही. फक्त कोणी 'या' म्हटले नाही. माझ्यावर आधी संगणकाचे छपाईयंत्र आले, मग खोकी आली, मग पाण्याचा जार. मी पुठ्ठ्यांखाली झाकले गेले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरला होता, उसाला पाण्याची पाळी चालू होती. आमच्याकडे शेतीची वीज बहुधा रात्रीची, आणि उसात बिबट्या. म्हणून घरबसल्या मोबाइलवरून मोटार चालू करणारे स्टार्टर जो तो घेत होता. तसल्या एका नव्या, स्वस्त स्टार्टरविषयी 'कळसूत्र'च्या संकेतस्थळावर लेख चढला. तो स्टार्टर मी कधी पाहिला नव्हता. संयमनेही नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, खोलीच्या दारात रखमाजी उभे राहिले. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती. मागे त्यांची सून आरती, आणि तिच्या हातात एक गोणपाट.

संयम धावत पुढे गेला. "रखमाकाका! हे काय झालं?"

"बसू तर दे त्यांना," नीलमने खुर्ची ओढली.

रखमाजी बसले नाहीत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मेज कुठाय?"

"आहे ना. हे काय, खोक्यांखाली."

"मोकळं कर."

नीलम आणि आरती यांनी खोकी उतरवली. पाण्याचा जार उचलला. किती वर्षांनी माझ्या पाठीला उजेड लागला! आरतीने गोणपाटातून एक पत्र्याची पेटी काढून माझ्यावर ठेवली. एका कडेला ती काळी पडली होती.

"सकाळी मोटार बंद पडली म्हून मामंजी विहिरीवर गेले," आरती सांगू लागली. "पेटीचं दार उघडायला हात लावला आन् चिकटलेच. आमचे हे तिथंच व्हते म्हून, वाळल्या काठीनं हात सोडवला. न्हाईतर..." तिने पट्टीकडे बोट दाखवले. "तीन बोटं मिटत न्हाईत आता. डागदर म्हंत्यात, मिटायची न्हाईत."

"पण काका," संयम कसाबसा म्हणाला, "तुम्ही... तुम्ही तर कुठलीच पेटी उघडून बघितल्याशिवाय..."

"तेच सांगाया आलोय." रखमाजींचा आवाज शांत होता. "पेचकस हातात घेतला व्हता मी. सील तोडणार, तेवढ्यात ह्या पोरीनं मोबाइलवर वाचून दावलं. म्हनली, मामंजी, कशाला खोलताय, आपल्या कळसूत्रवाल्यांनी खोललीय. खाली लिवलंय. मी म्हनलं, बघू. बघितलं. तीच वळ. मी पेचकस ठिवून दिला."

रखमाजींनी पेटीवर डावा हात ठेवला.

"मला वाटलं, आता मी म्हातारा झालो, म्हून बोलवत न्हाईत. कुणीतरी पोरगं बसत आसंल माझ्या जागी. चांगलं हाय. कोन बसतं, संयम?"

संयमने मान खाली घातली. "कोणी नाही, काका."

रखमाजी आता खुर्चीवर बसले. ज्या हातांनी त्या ओळीला अर्थ दिला होता, त्याच हातांना त्या ओळीने जाळले होते. आयुष्यभर कोणाच्याही शब्दावर न विसंबलेला तो माणूस एकदाच विसंबला, आणि तो स्वतःच्याच शब्दावर.

संयमने खिशातून मोबाइल काढला. "काढून टाकतो, काका. आत्ताच. हे बघा, काढला लेख. आता नाहीच तो."

"न्हाईच?"

"नाहीच. कुठंच नाही."

रखमाजींनी पट्टीतला हात माझ्यावर ठेवला. "मग माझा हात कशानं भाजला?"

संयमने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "दवाखान्याचं सगळं मी बघतो. तुम्ही म्हणाल ते..."

"मला काय नगं. शेठ असते तर काय केलं असतं, ते तुला म्हाईत हाय."

"काका, ती गोष्ट वेगळी होती. तेव्हा कपॅसिटरचा आकडा चुकला होता. आता मी लिहायचं काय? आम्ही काहीच उघडत नव्हतो, असं? एका स्टार्टरचं सांगितलं की लोक बाकीचंही विचारतील. तीन वर्षांचं सगळंच... वडिलांचं नाव जाईल."

नीलम म्हणाली, "नाव गेलंय, संयम. ते फक्त लोकांना अजून कळलेलं नाही."

रखमाजींनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून पेचकस काढला. लाकडी मुठीचा, जुना. त्याची मूठ माझ्या ओळखीची होती. तो त्यांनी संयमपुढे धरला. "नावाचं मागनं बघू. आधी पेटी खोल."

"मी?"

"मंग कोन? माझी बोटं मिटत न्हाईत."

संयमने पेचकस घेतला. त्याला तो नीट धरताही येत नव्हता. दोनदा निसटून पेचकसाने मला ओरखडा काढला. ते ओरखडे मी आजही आभूषणासारखे बाळगते. रखमाजी डाव्या हाताच्या बोटाने दाखवत होते. "उलटा फिरव. जोर नगं लावू, स्क्रू सोलटंल. हं. आता झाकण वर." झाकण निघाले. बाहेरून जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, तार जोडण्याचा जो स्क्रू होता, त्याच्यापासून आत एक हिरवी तार गेली होती. ती पेटीच्या पत्र्याला जोडलेली असायला हवी होती. तिचे टोक टेपने गुंडाळून कोपऱ्यात खोचून ठेवले होते. ती कोठेच जोडलेली नव्हती. शेजारची विजेची तार दाराच्या कडेला घासून उघडी पडली होती; तिची वीज पत्र्यात उतरत होती.

पेटी उघडायला एक चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला होता. कोणी उघडली असती, तर कोणालाही दिसले असते.

संयम माझ्यावर डोके टेकून बसला. त्याचे अश्रू माझ्या जुन्या शाईच्या डागांवर पडले. मग तो उठला आणि म्हणाला, "लिहितो. सगळं लिहितो."

त्याने संकेतस्थळावर पहिल्याच पानावर, मूळ मथळ्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिले : 'आमची चूक.' स्टार्टरचे लिहिले आणि ओळीचेही लिहिले. काढून टाकलेला लेख परत आणून त्याच्यावर आडवी रेघ मारून ठेवला, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला तो दिसावा. परंतु येथे एक अशी अडचण उभी राहिली, जी माणिकचंदांना कधी आली नव्हती.

"हा लेख वाचला कुणी कुणी?" रखमाजींनी विचारले.

"हजारोंनी."

"त्यांची नावं दे. कारडं टाकू."

"नावं नाहीत, काका. किती जणांनी वाचलं ते कळतं. कुणी वाचलं ते कळत नाही."

रखमाजींना ते पटकन समजलेच नाही. "म्हंजी तुमचा वाचणारा तुमाला ठावंच न्हाई?"

मित्रांनो, छापील अंकाचे वाचक थोडे होते, पण त्यांची नावे माझ्या खणात होती. आता वाचक अगणित होते आणि एकाचाही पत्ता नव्हता. चूक तर लोकांनी एकमेकांना मोबाइलवरून केव्हाच पाठवून दिली होती. गावोगावच्या गटांत ती त्या ओळीसकट फिरत होती. दुरुस्ती मात्र कोणी पुढे पाठवीना. काहींनी हसणारी चित्रे टाकली. कोणीतरी लिहिले, 'मेजाखाली झोपला होतात का?' चुकीला पंख फुटतात आणि दुरुस्तीला पायी चालावे लागते, हे मी तेव्हा पाहिले.

तेव्हा नीलमने माझा खण ओढला. तो फुगून अडकला होता. आरतीने खालून धक्का दिला तेव्हा निघाला. आत पत्त्यांची वही होती.

"ही जुनी माणसं," संयम म्हणाला. "निम्मी असतील की नाही..."

"ज्यांची नावं ठाऊक आहेत, त्यांना तरी कळवू," नीलम म्हणाली.

चार दिवस त्या तिघांनी माझ्याभोवती बसून पोस्टकार्डे लिहिली. रखमाजींना त्या हाताने लिहिता येत नव्हते. ते डाव्या हाताने प्रत्येक कार्डाची पत्त्याची बाजू वर करून गठ्ठा लावत होते. संयमने एक पानही छापून घेतले आणि ते पारगावच्या कारखान्याच्या फाटकावर, अवसरीच्या दूधकेंद्रावर, बाजाराच्या कट्ट्यावर स्वतः चिकटवले.

मग कार्डे परत येऊ लागली. 'मयत.' 'पत्ता सोडून गेले.' 'अपूर्ण पत्ता.' घाटघरच्या सरूबाईंचे कार्डही परत आले. त्यावर पोस्टमनने लिहिले होते, 'गिरणी बंद, घरात कोणी राहत नाही.' संयमने ते कार्ड खणात वहीपाशी ठेवले. आणखी काही कार्डांचे काय झाले, ते कधीच कळले नाही.

महिन्याभराने एक उत्तर आले. पारगावच्या कोणा गेणूचे. आरतीने ते मोठ्याने वाचले, तेव्हा गुरुवार होता आणि रखमाजी त्यांच्या जुन्या जागी बसलेले होते.

'तुमचं कार्ड आमच्या वडलांच्या नावानं आलं. भागूअण्णा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या नावानं आता कुणी काय पाठवत नाय. म्हणून आईनं वाचायला लावलं. तोच स्टार्टर मी बसवला व्हता, मोबाइलवर वाचून. कार्ड वाचून मेन स्विच पाडला आन् पेटी खोलली. हिरवी तार मोकळीच निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्यायला आईच जाणार व्हती. दुसरं काय लिवू. अण्णांचे जुने अंक माळ्यावर हायेत, ते खाली काढले.'

आरतीचे वाचणे संपले. रखमाजींनी न मिटणारा तो हात पसरला, आणि आरतीने कार्ड त्यावर ठेवले. ते त्यांना धरता येईना. ते तसेच तळहातावर राहिले, आणि रखमाजी त्याकडे पाहत राहिले.

मित्रांनो, 'कळसूत्र' आजही आहे. त्याचे वाचक फार घटले आहेत. प्रत्येक पानाच्या तळची ती ओळ संयमने पुसून टाकली. आता ती महिन्यातून दोन-तीनच लेखांखाली दिसते. बाकीच्यांच्या माथ्यावर 'ऐकीव' असे लिहिलेले असते. दर गुरुवारी माझ्या पाठीवर काहीतरी उघडले जाते. स्क्रू संयम काढतो, रखमाजी डाव्या बोटाने दाखवतात. माझ्यावर नवे ओरखडे पडत आहेत.

मी सुखी आहे, असे म्हणवत नाही. तीन बोटे परत येणार नाहीत. जी कार्डे हरवली, त्यांच्या पलीकडे कोण होते, हे मला कधी कळणार नाही. तुमच्याशी माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही कागदावर लिहा की काचेवर लिहा, साधन कोणतेही असो; पण 'पाहिले' हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा झाकण उचला. आणि जे उचलले नाही, त्याला 'ऐकीव' म्हणण्याची लाज बाळगू नका.

मी लाकूड आहे. मला प्रार्थना येत नाही. परंतु ज्या फळ्यांनी चाळीस वर्षे खरे माप पाहिले, त्यांच्या पुण्याईने मी एवढे मागते. रखमाजींच्या हाताची कळ उतरो. संयमच्या हाताला धीर येवो. गेणूची आई निर्भयपणे उसाला पाणी देवो. आणि ज्यांच्यापर्यंत आमची चूक पोहोचली, पण दुरुस्ती पोहोचली नाही, त्या अनाम वाचकांच्या हातांचे, ते जेथे कोठे असतील तेथे, रक्षण होवो.